पुडी, दही आणि चार मिली चीक

मागच्या मंगळवारी रात्री साडेअकराला एका मैत्रिणीचा फोटो आला. तळहातावर मेडिकलमधली चकचकीत पुडी, मागं हॉस्पिटलची निळी चादर. खाली लिहिलेलं, "प्रोबायोटिक आहे म्हणे. मी घेतलं तर दुधातून बाळाला जातं, आणि थोडं पाण्यात कालवून बाळाला पण देता येतं म्हणे. देऊ का गं?" तिचं बाळ बत्तीस आठवड्यांतच झालेलं, दीड किलोला जरा कमी, सहा दिवस झाले काचेच्या पेटीत आहे. मी आधी नुसतं "देऊ नको" टाईप केलं, मग वाटलं असं कसं तोडून सांगायचं, खोडलं, मग लिहायला घेतलं तर ते संपेचना, शेवटी "बाळाला तुझ्या हातानं काहीही देऊ नको, पुडी उद्या डॉक्टरांना दाखव, बाकी नंतर बोलते" एवढं पाठवून झोपले. झोपले म्हणजे आडवी झाले. ते बाकीचं आता इथं लिहितेय, कारण दोन वर्षात हाच प्रश्न मला चौथ्यांदा आलाय.

आधीच सांगते, मी डॉक्टर नाही, नर्स नाही. अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीत युनिफॉर्मच्या कारखान्यात हिशोब बघते, किती मीटर कापड आलं, किती शर्ट गेले, किती परत आले. पण आमची ठकी एकतिसाव्या आठवड्यात झाली, १३४० ग्रॅमची, आणि ती आत होती त्या सव्वीस दिवसात मी जेवढं वाचलं आणि डॉक्टरांना जेवढं पिडलं त्याच्या निम्मं जरी बी. कॉम. ला केलं असतं तर आज सीए असते.

एप्रिल होता. सोलापूरचा एप्रिल म्हणजे काय ते सोलापूरकरांना सांगायला नको, दुपारी बारा ते चार विजापूर रोडवर कुत्रं पण दिसत नाही. बीपी वाढलं, ऐनवेळी सिझर केलं, बाळ मला धड दाखवलं पण नाही, हिरव्या कपड्यात गुंडाळून पळवतच नेलं. बाहेर बाकड्यावर आत्या (माझ्या सासूबाई) बोटांवर महिने मोजत बसलेल्या, कारण सातव्यातलं जगतं आणि आठव्यातलं जगत नाही हे त्यांनी त्यांच्या आईकडून ऐकलेलं. एकतीस आठवडे म्हणजे सातवा संपला का आठवा लागला यावर त्यांचा आणि शेजारच्या काकूंचा अर्धा तास वाद झाला म्हणे. डॉक्टर म्हणाले, आजी, उलट आहे, पोटात जितके दिवस जास्त तितकं बाळाला चांगलं, आठव्यातलं सातव्यातल्यापेक्षा केव्हाही बरं. आत्यांना पटलं नाही पण गप्प बसल्या, आणि आत्या गप्प बसणं ही आमच्या घरात मोठी गोष्ट असते.

सदतीस आठवडे पूर्ण व्हायच्या आत झालेलं बाळ म्हणजे प्रीटर्म. २०२० साली जगात अशी साधारण १ कोटी ३४ लाख बाळं जन्मली, त्यातली ३० लाख एकट्या भारतात, कुठल्याच देशात एवढी नाहीत. हा आकडा मी त्या बाकड्यावर बसून मोबाईलवर वाचला. म्हटलं एवढ्याजणी आहोत तर मग इथं मी एकटीच कशी.

आता मुद्द्याचं. एवढ्या लहान बाळांच्या बाबतीत डॉक्टर ज्याला टरकून असतात त्यातलं एक म्हणजे एनईसी, आतड्याचा आजार. आतडं कच्चं, त्याची भिंत पातळ, रक्तपुरवठा नाजूक, आणि त्यात नको ते जंतू वाढले की सूज येते, आतड्याचा तुकडा मरतो, कधी भोक पडतं, ऑपरेशन करावं लागतं, आणि बाळं जातात पण. आमच्या सिस्टर रोज टेपनं ठकीच्या पोटाचा घेर मोजायच्या, दूध द्यायच्या आधी नळीतून ओढून बघायच्या की मागचं राहिलंय का, हिरवं तर येत नाही ना. मी त्यांचा चेहरा बघत उभी. हिरवं नाही आलं की त्या काही बोलायच्या नाहीत, नुसतं दूध सोडायला घ्यायच्या, तेवढ्यावरनं कळायचं आजचा दिवस बरा.

पूर्ण दिवसांचं, अंगावर पिणारं बाळ असलं की त्याच्या पोटात बिफिडोबॅक्टेरियम नावाचे जंतू ठाण मांडतात. हे काही नवीन नाही, १८९९ साली पॅरिसच्या पाश्चर इन्स्टिट्यूटमधे हेन्री टिसिए या डॉक्टरानं अंगावर पिणाऱ्या बाळाच्या शीमधून ते पहिल्यांदा वेगळे काढले. पण आमच्यासारख्या बाळांचं सगळंच उलटं. सिझर झालेलं, जन्मल्याबरोबर अँटिबायोटिक चालू, आई दुसऱ्या मजल्यावर आणि बाळ पेटीत, मग पोटात आधी घुसतात ते हॉस्पिटलमधलेच जंतू, क्लेबसिएला वगैरे. त्यावर डोकं लावून कुणीतरी म्हटलं की चांगले जंतू आपणच आधी नेऊन बसवले तर? म्हणजे आपल्याकडं एसटी स्टँडवर खिडकीतून रुमाल टाकून जागा धरतात ना, तसं. प्रोबायोटिकची आयडिया मला तरी अशीच समजली. फक्त रुमाल कुणाचा, आणि तो टाकणारा खिडकीतून आत पडणार तर नाही ना, हे बघावं लागतं.

आणि याच दिवसात आमच्या घरात दह्यावरनं महाभारत चालू होतं. आत्यांचा नियम, बाळंतिणीला दही नाही, ताक नाही, थंड पडतं, दुधातून बाळाला सर्दी होते. मला डिंकाचे लाडू, अळिवाची खीर, शेपूची भाजी, जेवण झालं की बाळंतशोपा, आणि पाणी पण कोमट, बेचाळीस डिग्रीत कोमट पाणी! आणि त्याच आठवड्यात कारखान्यातल्या अक्कांचा व्हॉट्सॲपवर मेसेज, "प्रोबायोटिक ड्रिंक चालू कर, दुधातून बाळाची इम्युनिटी वाढते". म्हणजे वाटीत असले तर जंतू वाईट आणि बाटलीतून पैसे देऊन आणले तर चांगले. मी राऊंडला डॉक्टरांना विचारलं. ते म्हणाले सर्दी व्हायरसनं होते, दह्यानं नाही, खा बिनधास्त, प्रथिनं आहेत, कॅल्शियम आहे. मग माहेरच्या डब्यातून दहीभात यायला लागला, वर शेंगाचटणी, आणि मी तो आत्या घरी गेल्यावर खायचे, पडद्याकडं पाठ करून. त्या भाताची चव अजून तोंडात आहे.

पण दही म्हणजे प्रोबायोटिक का? तर काटेकोर बोलायचं तर नाही. २००१ मधे जागतिक आरोग्य संघटना आणि एफएओ (अन्न आणि शेतीची जागतिक संघटना) यांच्या तज्ज्ञांनी जी व्याख्या केली तिचा अर्थ असा की जिवंत जंतू, पुरेशा संख्येत दिले, आणि त्याचा आरोग्याला फायदा झाला, तर ते प्रोबायोटिक. घरच्या विरजणात कुठले जंतू, किती, ते कोण मोजलंय? आमचं विरजण तर आईकडनं आलंय, आईचं तिच्या जाऊबाईंकडनं, मधे एकदा उन्हाळ्यात बिघडलं तेव्हा खालच्या काकूंकडनं. उत्तम दही लागतं. पण त्याला औषध म्हणून डोस कसा सांगणार. दही हे जेवण आहे, जेवण म्हणून खा, त्याच्याकडनं एनईसी थांबवायची अपेक्षा करू नका.

आता मैत्रिणीच्या मेसेजमधे खरं तर दोन प्रश्न होते आणि ते एकात एक गुंतलेले, आणि बहुतेक जणींचा घोळ इथंच होतो. एक, आईनं घेतलं तर बाळाला फायदा होतो का. दोन, बाळाला द्यायचं का. हे दोन पूर्ण वेगळे हिशोब आहेत, एकाचं बिल दुसऱ्याच्या खात्यावर टाकायचं नाही.

आईचं बघू. आईनं गिळलेले जंतू दुधात येतात का? स्पेनमधे यावर बरंच काम झालंय आणि काही बायकांच्या दुधात ते सापडलेत पण, सगळ्यांच्या नाही. त्यांचा गाजलेला अभ्यास २०१० चा, पण तो बाळासाठी नव्हताच, आईच्या छातीत गाठी होऊन ताप येतो, दुखतं, मॅस्टायटिस, त्यासाठी होता. ३५२ बायका, काहींना अँटिबायोटिक, काहींना लॅक्टोबॅसिलसचे दोन ठराविक प्रकार, आणि तीन आठवड्यांनी जंतूवाल्या बायका जास्त बऱ्या दिसल्या. त्यावर टीका पण झाली. शिवाय ते ठराविक दोन प्रकार, आपल्या मेडिकलमधल्या पुडीत जे काय आहे ते नव्हे. आणि आई घेते म्हणून कमी वजनाच्या बाळाचा एनईसी टळतो का, हे थेट तपासणारा जो अभ्यास मला सापडला तो २०१४ चा, त्यात बाळं किती तर ५८. अठ्ठावन्न! आमच्या कारखान्यात एका लाईनवर यापेक्षा जास्त बायका आहेत. एनईसी थोडं कमी दिसलं पण तो फरक नशिबाचा पण असू शकतो इतपतच. म्हणजे घेतलं तर धडधाकट आईला बहुधा त्रास नाही, पण "तू पुडी घेतली नाहीस म्हणून बाळाला काही झालं" असं कुणी म्हणालं तर त्याला माझ्याकडं पाठवा.

बाळाचा हिशोब वेगळा आणि जास्त किचकट. इथं अभ्यास भरपूर आहेत. कॉक्रेन म्हणून एक संस्था आहे, झालेले अभ्यास गोळा करून एकत्र तपासते, त्यांनी २०२३ मधे ६० अभ्यास एकत्र केले, ११ हजारांवर बाळं, आणि एकंदरीत एनईसी जवळपास निम्म्यावर येतं असं दिसलं, शंभरातल्या सहावरनं तीनवर. पण त्यांनीच पुढं लिहिलंय की यावर फार विसंबू नका, बरेच अभ्यास छोटे आणि कच्चे आहेत, आणि एक किलोच्या आतली किंवा अठ्ठावीस आठवड्यांच्या आतली जी सगळ्यात नाजूक बाळं, त्यांच्यात फारसा फरक दिसत नाही. मोठे अभ्यास पण एकमेकांशी भांडतात. ऑस्ट्रेलिया-न्यूझीलंडमधे १०९९ बाळं घेतली, साधारण निम्म्यांना तीन जंतूंचं मिश्रण दिलं, एनईसी ४.४ टक्क्यांवरून २ वर आलं. इंग्लंडमधे तेराशेच्या वर बाळं घेतली, साधारण निम्म्यांना एकच जंतू दिला, बिफिडोबॅक्टेरियम ब्रेव्हे, काहीच फरक नाही. दोन्हीवर लेबल प्रोबायोटिकच. म्हणजे शेंगाचटणी म्हटलं म्हणून सोलापुरातल्या सगळ्या दुकानांची सारखी लागते का? तसंच हे. कुठला जंतू, कुठला प्रकार, किती, कुणाला, हे सगळं बघितल्याशिवाय "प्रोबायोटिक चांगलं" या वाक्याला काही अर्थ नाही.

मग एक बातमी फिरते, अजून फिरते, मला पण तीन ग्रुपवर आली, "भारतातल्या प्रोबायोटिकनं हजारो बाळं वाचली". ती बातमी सगळी खोटी नाही, पण फुगवलेली आणि अर्धी आहे. ओडिशाच्या खेड्यांमधे डॉ. पिनाकी पाणिग्रही आणि त्यांच्या लोकांनी ४५५६ बाळांवर अभ्यास केला, २०१७ मधे नेचर या विज्ञानाच्या नियतकालिकात छापून आला. सात दिवस लॅक्टोबॅसिलस प्लांटारम आणि त्या जंतूचं खाद्य म्हणून एक प्रकारची साखर. जंतुसंसर्ग किंवा मृत्यू ९ टक्क्यांवरून ५.४ वर. जबरदस्त काम आहे, वाचून अंगावर काटा येतो. पण ती बाळं कोण? दोन किलोच्या वरची, पस्तीस आठवडे पूर्ण झालेली, आईचं दूध पिणारी. पेटीतली १३४० ग्रॅमची ठकी त्यात बसतच नव्हती. फॉरवर्ड करणारा हे लिहीत नाही.

आणि दुसरी बाजू. २०२३ मधे अमेरिकेत एक किलोच्या आतलं एक बाळ गेलं, हॉस्पिटलमधे त्याला प्रोबायोटिक दिलं होतं, आणि त्याच्या रक्तात सापडलेला जंतू तोच होता जो त्या बाटलीत होता. त्यांच्या एफडीएनं (औषधांना मंजुरी देणारं सरकारी खातं) डॉक्टरांना लेखी इशारा दिला की प्रीटर्म बाळांसाठी आम्ही असं कुठलंच प्रॉडक्ट औषध म्हणून मंजूर केलेलं नाही. तिथल्याच बऱ्याच नवजात तज्ज्ञांना हे आवडलं नाही, ते म्हणाले एनईसीनं मरणारी बाळं मग कोण मोजणार. अमेरिकन बालरोगतज्ज्ञांची संघटना २०२१ मधेच म्हणालेली की सरसकट देऊ नका. आणि जागतिक आरोग्य संघटना २०२२ मधे म्हणते की बत्तीस आठवड्यांच्या आतलं, आईचं दूध पिणारं बाळ असेल तर विचार करता येईल. "द्या" नाही, "विचार करता येईल". मोठमोठ्या लोकांचं एकमत नाही आणि आमच्या इथला एक मेडिकलवाला नवऱ्याला म्हणाला, "न्या की साहेब, लहान मोठं सगळ्यांना चालतं, काय होत नाही."

तो किस्सा सांगतेच. ठकी आठ दिवसांची. नवरा बिचारा दिवसभर बाहेर उभा राहून राहून काहीतरी करावं म्हणून ती पुडी घेऊन आला. मी पेटीजवळ, हातात पुडी, मागचं बारीक अक्षर वाचायला म्हणून कोपरा दातानं फाडणार तेवढ्यात नाईटच्या सिस्टर धावत आल्या. अशोक चौकातल्या, घरी तेलुगू, आमच्याशी मराठी, सगळ्या बाळांना पापा म्हणायच्या. "ओ अक्का! पापाजवळ पुडी फोडायची न्हाई!" इतक्या जोरात की शेजारची आई पण दचकली. मला राग आला खरा. नंतर त्यांनी समजावून सांगितलं. त्या पुडीत बॅक्टेरिया पण नव्हते, यीस्ट होतं, म्हणजे बुरशीतला प्रकार, सॅकरोमायसीस बोलार्डी, जुलाबावर देतात ते. पुडी फोडली की पावडर उडते, हाताला लागते, आणि तोच हात मोठ्या शिरेतल्या सलाईनच्या नळीला लागला तर यीस्ट सरळ रक्तात. ते गिळलंच पाहिजे असं नाही, शेजारच्या पेशंटला दिलं आणि याच्या रक्तात सापडलं असं पण झालेलं आहे. युरोपात तर २०१७ पासून अशी नळी असलेल्या पेशंटला ते द्यायचंच नाही असं आहे. ठकीला तेव्हा ती नळी होती. पुडी नवऱ्याच्या खिशात परत गेली, आणि पुढं पँट धुताना माझ्या हाताला लागली तेव्हा मी बराच वेळ मोरीत नुसती बसून होते.

मग आमच्या डॉक्टरांनी ठकीला प्रोबायोटिक दिलं का? नाही. त्यांचं म्हणणं, खात्रीचा प्रकार, खात्रीची क्वालिटी मिळत असेल आणि युनिटला सवय असेल तर देणारे डॉक्टर चूक नाहीत, मी देत नाही. मला त्यांचं हे आवडलं, की दुसऱ्याला नावं न ठेवता स्वतःचं सांगितलं. तुमचे डॉक्टर देत असतील तर वजन किती असताना देतात, कुठला प्रकार, कधी थांबवतात एवढं विचारा, विचारायला लाजू नका.

त्यांनी मला दिलं ते दुसरंच काम. म्हणाले, पुडीचं टेन्शन माझ्यावर सोडा, तुम्ही दूध काढा. सिझर होऊन पाच तास झालेले, टाके ओढतायत, आणि सिस्टर उकळलेली स्टीलची वाटी घेऊन हजर. हातानं दाबून दाबून पहिल्यांदा काय आलं तर पिवळे थेंब. चीक. मी वाटीकडं बघून रडायला लागले की एवढ्यानं काय होणार, त्यांनी सिरिंजनं ते थेंब ओढून घेतले, वाटीची कड पण पुसून घेतली सिरिंजच्या टोकानं, आणि म्हणाल्या पापाला एवढंच लागतं. खरंच तेवढंच लागायचं, सुरुवातीला एका वेळी १ मिली, नळीतून, कारण ओढणं, गिळणं आणि श्वास हे तिन्ही एकत्र जमायला बाळाला पोटातले धरून साधारण चौतीस आठवडे व्हावे लागतात.

मग मी माझं हत्यार काढलं, वही. कारखान्यातली उभी रेघांची. वेळ, उजवं, डावं, एकूण. पहिला दिवस एकूण ४ मिली. दुसरा १७. चौथ्या दिवशी १२५ आणि मी नवऱ्याला फोन करून आकडा सांगितला जणू लॉटरी लागली. दिवसातून आठ ते दहा वेळा, त्यात रात्री दोनचं चुकवायचं नाही, कारण दूध तयार करायला लावणारं प्रोलॅक्टिन रात्री जास्त असतं. मला सुट्टी झाल्यावर जुळे सोलापूरहून थर्माकोलच्या डब्यात बर्फ, बर्फावर दुधाचे छोटे डबे, डब्यावर नाव तारीख वेळ, आणि मामा (सासरे) स्कूटरवर तो डबा पायात धरून, सिग्नल लागला की डब्यावर टॉवेलची सावली. लाईट गेली की आमचा फ्रीज कुणी उघडायचा नाही अशी घरात आचारसंहिता. एकदा पुतण्यानं गार पाण्यासाठी उघडला तर आत्याच ओरडल्या. त्याच आत्या ज्यांनी पहिल्या दिवशी चीक टाकून द्यायला सांगितलेला.

हे का सांगतेय, तर खरं प्रोबायोटिकचं काम इथंच बरंचसं होतं. आईच्या दुधात एक प्रकारच्या साखरी असतात, एचएमओ म्हणतात, शंभरावर प्रकारच्या, लॅक्टोज आणि फॅटनंतर दुधात सगळ्यात जास्त त्याच, चिकात तर आणखीन जास्त. आणि गंमत म्हणजे बाळाला त्या पचतच नाहीत. मग आई कशाला तयार करते? तर त्या बिफिडोबॅक्टेरियमच्या जेवणासाठी. म्हणजे आपण बाळासोबत त्याच्या पोटातल्या पाहुण्यांचा पण स्वयंपाक करतो, आणि नको त्या पाहुण्याला ताट नाही. शिवाय दुधात स्वतःचे जंतू असतातच. अमेरिकेत १०७ आई-बाळांच्या जोड्या तपासल्या, २०१७ चा अभ्यास, तर मुख्यतः अंगावर पिणाऱ्या बाळांच्या पोटातले पहिल्या महिन्यातले साधारण २८ टक्के जंतू आईच्या दुधातले आणि १० टक्के स्तनाच्या त्वचेवरचे निघाले. ती बाळं काही पेटीतली नव्हती, पण तेव्हा मला तेवढं पण पुरलं. आईच्या दुधावरच्या बाळांत एनईसी पावडरच्या दुधापेक्षा कमी होतं यावर मात्र कुणाचं भांडण नाही. आईचं नाही आलं तर दान केलेलं दूध. मुंबईत सायन हॉस्पिटलमधे डॉ. आर्मिडा फर्नांडिस यांनी १९८९ मधे दुधाची बँक चालू केली, आशियातली पहिली. ज्यांना खरंच येत नाही त्यांनी जीव जाळून घेऊ नये म्हणून हे मुद्दाम लिहितेय. माझ्या शेजारच्या बेडवरच्या ताईंना दहा दिवस वीस मिलीच्या वर गेलंच नाही, त्यांच्याइतकी मेहनत आख्ख्या वॉर्डात कुणी केली नसेल.

आणि कांगारू. अकराव्या दिवशी ठकीला माझ्या छातीवर ठेवली, टोपी, लंगोट, बस, बाकी काही नाही, वरून गाऊन आणि ओढणी. हे कोलंबियातल्या बोगोटा शहरात १९७८ मधे पेट्या कमी पडायच्या म्हणून चालू झालं. आपल्या भारतासह पाच देशांत अभ्यास झाला, २०२१ मधे आला, १ किलो ते १८०० ग्रॅमपर्यंतच्या बाळांना जन्मल्या जन्मल्याच छातीशी धरलं तर मृत्यू १५.७ टक्क्यांवरून १२ वर. जन्मल्या जन्मल्या! मला अकराव्या दिवशी मिळाली त्याचं वाईट वाटतं, पण तेव्हा विचारायचं पण माहीत नव्हतं. म्हणून मैत्रिणीला पहिलं तेच विचारलं, कांगारू चालू केलं का? नाही म्हणाली. पुडीचं तिला चार जणांनी सांगितलेलं, कांगारूचं एकानं पण नाही.

बुधवारी तिनं पुडी डॉक्टरांना दाखवली. ते म्हणाले तुम्हाला घ्यायची तर घ्या, माझी हरकत नाही, बाळाचं मी बघतो. संध्याकाळपासून कांगारू चालू झालं, एक तास, मग दोन. पुडी तिच्या फ्रीजच्या दारात पडून आहे, लिंबाशेजारी. दही तिच्या सासूनं पण बंद केलंय, त्याचं मी काय करू शकत नाही, डबा मात्र पोचवते, शनिवारी दिला.

काल पहाटे उठले तर तिचा फोटो आलेला. पुडी नाही, सिरिंज. खाली लिहिलेलं, "२.१० ला काढलं. २२ मिली!!"

मी डोळे चोळत सवयीनं विचारलं, "डावीकडून किती?"